‘फुकटचा डेटाबेस, लाईट गेली की हिशेब गेला’: सोलापुरात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले दोन आठवडे सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो मार्केट यार्डातून आला, चाटी गल्लीतून आला, आणि परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी तो पाठवून खाली विचारलं, “हे खरं आहे का? आपला सगळा हिशेब यावरच आहे ना?”

मेसेज थोडक्यात असा: “व्यापारी बंधूंनो, सावधान! तुमचं बिलिंग फुकटच्या ओपन सोर्स डेटाबेसवर चालत असेल तर आजच बदला. लाईट गेली की डेटा उडतो. वीस वर्षं डेटा चुकीचा लिहीत होतो हे त्यांनी स्वतःच कबूल केलंय. जगातला कोणीही त्याचा कोड बदलू शकतो. त्याला मालक नाही. पैसे मोजलेला डेटाबेसच सुरक्षित.”

मी याच शहरात हिशेबाची सॉफ्टवेअरं बसवतो आणि त्यांच्याखाली पोस्टग्रेस असतो, म्हणजे मेसेजमध्ये म्हटलाय तसाच ओपन सोर्स डेटाबेस: फुकट, आणि ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा. म्हणजे माझं पोट यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण रात्री दहाला फोन करून “डेटा खरंच उडेल का हो?” म्हणून विचारणाऱ्या माणसाला नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आधी लाईटचं, कारण आपल्याकडे हाच मुद्दा सगळ्यात जास्त घाबरवतो. एप्रिल-मेमध्ये लाईट कधी जाईल याचा नेम नसतो आणि निम्म्या दुकानांतल्या यूपीएसची बॅटरी पाच मिनिटं टिकत नाही.

जुन्या पेढीवर दिवाणजी कसं काम करायचे ते आठवा. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत, एकाखाली एक. खतावणी मागाहून, सवडीने. खतावणी करता करता काही घोटाळा झाला, पान अर्धवट राहिलं, तरी रोजकीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा उभी करता येते. पोस्टग्रेस हेच करतो, २००१ सालच्या ७.१ आवृत्तीपासून. प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये ओळीने लिहिला जातो. तो लॉग डिस्कवर पक्का उतरला की मगच तुमच्या स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ येतं. मूळ फाइलमधली पानं नंतर बदलतात.

यात एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. पोस्टग्रेसच्या खतावणीचं एक पान ८ केबीचं असतं. खालची यंत्रणा मात्र बहुतेक ठिकाणी ४ केबीच्या तुकड्यांनी लिहिते. लाईट नेमकी मधल्या क्षणी गेली तर पानाचा अर्धा भाग नवा, अर्धा जुना, आणि असं फाटलेलं पान दुरुस्त करायला नुसती ‘अमुक ओळ बदलली’ एवढी नोंद पुरत नाही. म्हणून दर चेकपॉइंटनंतर (म्हणजे बदललेली सगळी पानं मूळ फाइलमध्ये उतरवून झाल्याच्या टप्प्यानंतर) एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की त्या अख्ख्या पानाची नक्कल लॉगमध्ये ठेवली जाते. लॉग त्यामुळे फुगतो, वेग थोडा कमी होतो. बनवणाऱ्यांनी ती किंमत जाणूनबुजून मोजली आहे.

त्याच टॉवेल कारखान्यात मी हे करून दाखवलं. दिवाणजी चलनं भरत होते. अकरा सेव्ह झाली होती, बारावं टाइप होत होतं. मी सर्व्हरची वायर यूपीएसच्या मागून ओढली. पंखा थांबला, दिवाणजींचा हात माऊसवर तसाच राहिला. मशीन पुन्हा चालू केल्यावर पोस्टग्रेसच्या संदेशांच्या फाइलमध्ये ओळी आल्या: डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, दुरुस्ती सुरू आहे, अमुक जागेपासून नोंदी परत लावतोय. काही सेकंदांचं काम. दिवाणजींनी चलनबुक उघडलं आणि बोट ठेवून एकेक नंबर जुळवला. अकरा होती. बारावं नव्हतं, आणि ते नसणंच बरोबर होतं, कारण ते कुणी सेव्हच केलं नव्हतं.

मग लाईट गेल्यावर कुणाचाच डेटा जात नाही का? जातो. मी स्वतः पाहिलाय. एका ठिकाणी आधीच्या माणसाने प्रोग्रॅम जलद चालावा म्हणून एफसिंक नावाची सेटिंग बंद करून ठेवली होती. डिस्कवर पक्कं उतरल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियमच त्याने काढून टाकला होता. असं केलं तर दुरुस्त न होण्याइतका डेटा बिघडू शकतो, असं पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. दुसरं कारण स्वस्तातल्या डिस्क. काही डिस्क ‘लिहिलं’ म्हणून सांगतात, पण डेटा तेव्हा त्यांच्या तात्पुरत्या मेमरीतच असतो. अशा डिस्कवर लाखो रुपयांचा डेटाबेस बसवलात तरी तो तितकाच फसेल.

आता वीस वर्षांच्या चुकीचं. मेसेजमधल्या या वाक्याला खरा आधार आहे, म्हणून ते टाळून पुढे जाणार नाही.

लॉगनंतर मूळ पानं लिहिली जातात तेव्हा ती आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातात. मग डेटाबेस म्हणतो, आता हे सगळं डिस्कवर उतरव. ही आज्ञा म्हणजेच एफसिंक. डिस्कने नकार दिला तर लिनक्स (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) ती चूक कळवायचा, पण पुष्कळदा त्याच वेळी ती पानं ‘लिहून झाली’ म्हणून खूणही करून टाकायचा. पोस्टग्रेसची समजूत अशी की जमलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा सांगू. पुन्हा सांगितल्यावर उत्तर यायचं: सगळं ठीक. पानं डिस्कवर पोचलेलीच नसायची. २०१८ मध्ये एका डेव्हलपरने प्रत्यक्ष डेटा बिघडल्याचं प्रकरण जाहीर चर्चेत मांडलं आणि खळबळ उडाली. लिनक्सचा गाभा लिहिणारे कर्नलवाले आणि डेटाबेसवाले समोरासमोर बसले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुधारणा आली, आणि ती फक्त नव्या आवृत्तीला न देता तेव्हा चालू असलेल्या ९.४ ते ११ या सगळ्या आवृत्त्यांना दिली. आता एफसिंक फसला की पोस्टग्रेस दुसऱ्यांदा विचारत बसत नाही. तो तिथेच थांबतो आणि लॉगवरून सगळं नव्याने लावतो.

म्हणजे चूक होती, गंभीर होती, वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. मात्र ‘वीस वर्षं डेटा चुकीचा लिहीत होते’ हा तिचा अर्थ होत नाही. डिस्क बिघडली आणि त्याच वेळी ही गाठ पडली तरच नुकसान व्हायचं. आणि हे मेसेज लिहिणाऱ्याला कळलं कुठून? त्याच जाहीर चर्चेतून. ज्याचा कोड बंद असतो अशा डेटाबेसमध्ये अशी चूक असते की नसते ते मी सांगू शकत नाही, तोही सांगू शकत नाही. आमच्यातला फरक एवढाच की मी माझ्या डेटाबेसची सुधारणा उघडून वाचू शकतो.

असंच २०२२ मध्ये झालं. १४ व्या आवृत्तीत काम चालू ठेवून इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) बांधला तर त्यातून काही ओळी सुटू शकत होत्या. जूनमध्ये १४.४ आली, सोबत स्पष्ट सूचना की असे इंडेक्स तपासा, गरज पडली तर पुन्हा बांधा. त्या आठवड्यात मी चार गिऱ्हाइकांकडे जाऊन ते केलं. मला राग आला नाही. कुठे, काय आणि कधीपासून बिघडलंय हे माझ्या हातात होतं.

‘कोणीही कोड बदलू शकतो’ हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. कोणीही स्वतःच्या प्रतीत बदल करू शकतो. अधिकृत कोडमध्ये बदल टाकण्याचा हक्क जगात तीसेक लोकांना आहे, आणि तो वर्षानुवर्षं काम पाहून मिळतो. बाकीच्यांनी पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, मांडायचा, इतरांनी तो फाडून पाहायचा, मांडणाऱ्याने पुन्हा लिहायचा. कोड आत गेला की वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो बांधून तपासणारी स्वयंसेवकांची अख्खी फळी आहे. घाई कशी नसते याचं उदाहरण चेकसम. प्रत्येक पानावर बेरजेसारखा एक आकडा ठेवायचा आणि वाचताना तो जुळतो का पाहायचं, म्हणजे डिस्कने गुपचूप बिघडवलेलं पान पकडता येतं. ही सोय २०१३ च्या ९.३ मध्ये आली. नव्या डेटाबेसला ती आपोआप चालू झाली २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत. बारा वर्षं.

वाईट हेतूचा माणूस ओपन सोर्समध्ये घुसूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या फाइल दाबण्याच्या छोट्या प्रकल्पात एकाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचेच डेव्हलपर. ते वेगाच्या चाचण्या करत होते, तेव्हा सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्यांना जाणवलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते चोरदरवाजापर्यंत पोचले. कोड बंद असता तर माग काढायला वाटच नव्हती. त्याआधी २०२० मध्ये जेप्सेन या डेटाबेस तपासणाऱ्या संस्थेने पोस्टग्रेसची बाहेरून कसून परीक्षा घेतली आणि व्यवहारांच्या सगळ्यात कडक पातळीतली, २०११ पासूनची एक चूक शोधली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अपडेटमध्ये ती दुरुस्त झाली. परीक्षा घ्यायला कुणाची परवानगी लागली नाही.

मालकाचं थोडक्यात. पोस्टग्रेसचा पाया १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी घातला, पोस्टग्रेसक्यूएल हे आजचं पूर्ण नाव १९९६ चं. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या ओपन सोर्स डेटाबेसला मालक कंपनी होती. ती २००८ मध्ये सन या कंपनीने घेतली, २०१० मध्ये सनला ओरॅकलने घेतलं. मालक असण्याने निश्चिंती येतेच असं नाही. आणि अँड्रॉइडवर तुमचं व्हॉट्सॲप हा मेसेज जपून ठेवतं ते एसक्यूलाइट या फुकट डेटाबेसमध्ये, ज्याचा कोड कुणाच्याच मालकीचा नाही आणि ज्याच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे.

मला खरी काळजी वाटते ती मेसेजमध्ये नसलेल्या गोष्टींची. त्यातली एक मराठीशी बांधलेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

एका सूत व्यापाऱ्याकडे नवा सर्व्हर घेतला. जुन्या मशीनवरचं डेटाबेसचं फोल्डर जसंच्या तसं नव्यावर ठेवलं, ऑपरेटिंग सिस्टिम नवी. आठवड्याने फोन आला, “एक पार्टी यादीत दिसतीय, पण नाव टाकून शोधली की सापडत नाही. म्हणून पोराने ती परत घातली.” मी हादरलो, कारण एकच नाव दोनदा घालता येऊ नये असा नियम मी स्वतः लावला होता. पार्टीचं नाव ‘क्ष’ने सुरू होणारं. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम पूर्वापार ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. लिनक्समधल्या ग्लिबसी या लायब्ररीने २०१८ च्या २.२८ आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला होता. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोध नव्या क्रमाने. कपाटातल्या फायली एका क्रमाने लावायच्या आणि दुसऱ्या क्रमाने शोधायच्या, तसंच ते. फाइल आत आहे आणि हाताला लागत नाही. मग नियमही ‘असं नाव नाही’ समजून दुसरी नोंद घेतो.

ॲमचेक हे तपासणीचं साधन पोस्टग्रेससोबतच २०१७ पासून येतं. ते चालवल्यावर बिघडलेले इंडेक्स नावानिशी समोर आले. दुबार नोंदी हाताने एकत्र केल्या, इंडेक्स पुन्हा बांधले, संध्याकाळपर्यंत काम झालं. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून क्रमाची आवृत्ती बदलली असेल तर डेटाबेस जोडतानाच इशारा देतो, आणि २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत बाहेर कुणालाही न विचारणारा स्वतःचा क्रमही आलाय. फोल्डर उचलून ठेवण्याऐवजी मी डेटा बाहेर काढून नव्या मशीनवर पुन्हा भरला असता तर इंडेक्स तिथेच नव्याने बांधले गेले असते. ती चूक माझी होती.

कारखान्याच्या मालकांना मी फोनवर हे एवढं सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, रविवारी येतो, तुमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून बघू. त्या रविवारी एमआयडीसीत गेलो, तिथून मार्केट यार्डात आणखी दोन गाळ्यांवर. मालकांचा बॅकअप उभा राहिला, आदल्या रात्रीच्या शेवटच्या बिलापर्यंत सगळं जुळलं. पहिल्या गाळ्यावरही जुळलं. दुसऱ्या गाळ्यावर पेनड्राइव्हवर रोजच्या तारखेच्या फायली ओळीने होत्या, आणि प्रत्येकीसमोर शून्य केबी. सात महिन्यांपूर्वी पासवर्ड बदलला होता, बॅकअपच्या कामात तो बदलायचा राहिला होता. आडत्यांनी ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिली, मग उठून गाळ्याचं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, “आत्ताच्या आत्ता एक चांगला बॅकअप घ्या, मग चहा सांगतो.”