‘बोल्टच घ्या’ म्हणणाऱ्यांना

‘बोल्ट ॲक्शन रायफल सगळ्यांत अचूक, ती कधीच अडकत नाही, लिव्हर ॲक्शन जुनाट, म्हणून शिकार असो की स्वसंरक्षण, बोल्टच घ्या.’ हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (बोल्ट म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने मागे-पुढे करायचा दांडा, लिव्हर म्हणजे चापाखालची खाली-वर करायची कडी.) त्याच्या भरवशावर कुणी जीव पणाला लावणार असेल, तर तो नीट तपासायलाच हवा.

आधी अचूकता. रिकामी पुंगळी बाहेर टाकायची, नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, ढकलायचं आणि ते घट्ट बंद करायचं, हे ॲक्शनचं काम. नेम नळीवर, ती दस्त्यात कशी बसवली आहे त्यावर, काडतुसावर, चापावर आणि हातावर ठरतो. बोल्टची रचना साधी, त्यामुळे त्याच पैशांत अचूक रायफल बनवणं सोपं जातं, एवढं मान्य. पण सोव्हिएत सैन्याने १९६३ साली खास नेमबाजांसाठी स्वीकारलेली ड्रागुनोव रायफल सेमी-ऑटोमॅटिकच होती, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी. शंभर मीटरवर उभ्याने नेम धरणाऱ्याची थरथर बोल्ट आणि सेमी-ऑटोमॅटिकमधल्या फरकाहून कितीतरी मोठी असते.

‘कधीच अडकत नाही’ हे सर्वांत घातक. माउजर ९८ या बोल्ट रायफलीत मॅगझिनमधून (काडतुसांच्या साठ्यातून) निघता निघताच काडतुसाची कड रुंद आकड्यात धरली जाते, म्हणून ते सहसा वाटेत अडकत नाही. सगळ्या बोल्ट रायफलींत ही सोय नसते. शिवाय बोल्ट चालवणारा माणूस असतो. घाबरून त्याने तो अर्धाच मागे ओढला, तर पुंगळी आतच राहते किंवा बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद होतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ही चूक होत नाही. तिला घाण, कमजोर काडतुसं आणि वाकलेलं मॅगझिन छळतात.

लिव्हरची खरी अडचण वेगळीच. नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या भागावर) टेकली तर धक्क्याने ते आतच उडू शकतं. म्हणून चपट्या नाकाच्या गोळ्या वापरतात, आणि त्या लांबवर लवकर मंदावतात. सॅव्हेज ९९ या लिव्हर रायफलीने फिरतं मॅगझिन देऊन हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. दाट झाडीत खांद्यावरून न उतरवता दुसरी गोळी झाडायला लिव्हर आजही उत्तम.

राहिलं स्वसंरक्षण. बोल्टमध्ये प्रत्येक गोळीनंतर हात चापावरून निघतो. ली-एनफिल्ड या बोल्ट रायफलीवर ब्रिटिश सैनिक मिनिटाला १५ नेमके बार काढत, पण रोजच्या कवायतीनंतर. अंगावर येणाऱ्या मोठ्या जनावरासमोर जुने शिकारी दुनळी रायफल पसंत करत: दोन नळ्या, दोन स्वतंत्र यंत्रणा, एक फसली तरी दुसरी तयार. आणि घरात? शिकारीची गोळी आतल्या भिंती सहज भेदते, रायफल कोणत्याही ॲक्शनची असो. पलीकडच्या खोलीत कोण झोपलंय, हे आधी पाहा.