नवीन जेलरसाहेब, आधी ड्रॅगन पकडा

समजा उद्या सकाळी तुम्हाला कुणी जेलर केलं. हसू नका, या देशात नि त्या देशात कुणाला काय करतील सांगता येत नाही. तर पहिल्या दिवशी तुम्ही काय बघाल? भिंतीची उंची, कॅमेरे चालू आहेत का, आत मोबाईल कुठनं येतायत, वरणात डाळ आहे का. इथेच चुकता तुम्ही. पहिल्यांदा हे बघायचं की चार कैदी एका टेबलाभोवती शांत बसलेत का. एकमेकांच्या उरावर बसले असतील तर चालू द्या, जेल आहे ते. पण शांत बसून, आपली पाळी यायची वाट बघत, दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन वहीत बेरजा-वजाबाक्या करत असतील तर ताबडतोब शिट्टी मारा, कारण हे लोक डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा कॉम्प्युटरवरचा गेम नाही, कागद-पेन्सिलचा आहे. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात, बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर होतात, आणि 'मी आता त्या गुहेत शिरतो' असं म्हणून वीस बाजूंचा फासा टाकतात, आकडा चांगला पडला तर शिरलात, नाहीतर पाय घसरून पडलात. हरणं-जिंकणंपण धड नसतं. आपण लहानपणी राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळायचो त्याच्याच घरातलं समजा, फक्त चिठ्ठ्यांऐवजी तीनशे पानी नियमांची पुस्तकं असतात, आणि गंमत म्हणजे लोकं ती वाचतात.

आता हे धोकादायक कसं, तर त्यासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉपन नावाचं गाव आहे तिथलं जेल आदर्श ठेवा. तिथे खुनासाठी जन्मठेप भोगणारा एक कैदी होता. संत वगैरे अजिबात नव्हता, खून अत्यंत क्रूर होता आणि शिक्षेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गडी लहानपणापासून या खेळाचा नादी. जून २००२ पासून नोव्हेंबर २००४ पर्यंत तो पोस्टाने ही पुस्तकं रीतसर मागवत होता, जेलवाले रीतसर देत होते, आणि काहीही घडत नव्हतं. इथेच तुमचे कान टवकारले पाहिजेत. अडीच वर्षं काहीच घडत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय.

मग एक निनावी पत्र आलं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर येतं तसं, 'एक हितचिंतक' टाईप. त्यात म्हणे, हा माणूस आणि आणखी तिघं मिळून खेळाच्या नावाखाली गँग काढतायत, पुस्तकं फिरवून पोरं गोळा करतायत, वेळीच आवरा. झालं. जेलच्या गँग-तज्ज्ञाने झडती घेतली आणि माल जप्त केला. २१ पुस्तकं, १४ मासिकं आणि कैद्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं ९६ पानांचं हस्तलिखित. ९६ पानं! माझ्या भाच्याला मराठीचा निबंध दीड पानाच्या पुढे जात नाही, त्याच्या आईने विचार करायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

तज्ज्ञसाहेबांची कारणं नीट पाठ करून ठेवा, पुढे-मागे उपयोगी पडतील. एक म्हणजे डंजन मास्टर बाकीच्यांना काय-काय समोर आलं ते सांगतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात, म्हणजे ही गँगसारखीच रचना झाली. एकाने सांगायचं आणि चौघांनी ऐकायचं ही जर गँग असेल तर आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ बघा, पेटीवाले बुवा मान हलवतील तसे बाराजण टाळ वाजवतात, तारीख-वार ठरवून जमतात, नवीन माणसाला चहा पाजून ओढून घेतात. लक्षण काही ठीक नाही. बुद्धिबळाचं तर विचारूच नका, राजा, वजीर, आठ प्यादी आणि प्याद्याला प्रमोशन, अख्खी टोळी पटावर उघड उघड मांडलेली.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. या खेळाने म्हणे कैद्याला खऱ्या जगातून, म्हणजे तुरुंगातून, पळून जायचा ध्यास लागू शकतो. आता हा माणूस मरेपर्यंत आत. रोज संध्याकाळी मनातल्या मनात डोंगर ओलांडून कुठल्यातरी किल्ल्यावर जायचा आणि मोजणीच्या वेळेला आपल्या कोठडीत हजर असायचा. असला पळपुटा तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. पण जेलर म्हणून तुमची भूमिका स्पष्ट पाहिजे, शरीर आत असून भागत नाही, डोकंपण हजेरीला उभं राहायला पाहिजे. एखादा झोपेत हसला तर त्याचीही नोंद करा.

माल जप्त, वर खेळावरच बंदी, म्हणून कैदी कोर्टात गेला. त्याने पंधरा प्रतिज्ञापत्रं दिली, त्यात बरेचसे कैदी, त्याचा भाऊ, या खेळाचे तीन जाणकार. सगळ्यांचं म्हणणं एकच, या खेळामुळे गँग झाल्याचं आम्ही कधी पाह्यलं नाही, उलट पोरं भानगडींपासून लांब राहतात. तुम्ही घाबराल इथे. घाबरू नका. सातव्या सर्किटच्या, म्हणजे विस्कॉन्सिन ज्यात येतं त्या विभागाच्या, अपील कोर्टाने २५ जानेवारी २०१० ला निकाल दिला तो जेलच्या बाजूने, आणि त्यातला मुद्दा तर फ्रेम करून केबिनमध्ये लावण्यासारखा आहे. आजवर या खेळामुळे गँग झालेली नाही हे जेलवाल्यांनी स्वतःच मान्य केलं होतं, तरी कोर्ट म्हणालं की प्रश्न झाली का हा नाहीच, पुढे कधीतरी होऊ शकेल असं जेलवाल्यांना वाटणं तर्काला धरून आहे का एवढाच आहे. याच्यामागे १९८७ चा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा टर्नर विरुद्ध साफली हा निकाल आहे, त्यात मिसुरी राज्यातल्या कैद्यांची पत्रं आणि लग्नं यांचा वाद होता, तिथून ही मोजपट्टी आली की सुरक्षेशी वाजवी संबंध दिसला की नियम टिकतो. म्हणजे कैद्याने पंधरा कागद आणायचे आणि तुम्ही नुसती काळजी आणायची. काळजी जड पडते.

एक गोष्ट मात्र बाहेर बोलू नका. १९७४ मध्ये हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला तो लेक जिनिव्हा नावाच्या गावातून, आणि ते गाव कुठल्या राज्यात, तर विस्कॉन्सिन. म्हणजे वॉपनच्या राज्यातच. कोल्हापूरच्या जेलात तांबड्या रश्श्यावर बंदी घातल्यासारखं झालं हे.

फाशांचं काय करायचं? अमेरिकेतल्या बऱ्याच जेलांत फासे चालत नाहीत कारण फासा आला की जुगार आला. यात मात्र मी तुमच्या बाजूने आहे, शकुनीमामा आपल्याला पाठ आहेत, फाशापायी राज्यं गेलीत. पण अडचण अशी की हे लोक ऐकत नाहीत. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या काढतात, पत्ते वापरतात, टॉयलेट पेपर भिजवून-वाळवून फासे करतात, साबण कोरतात. टेक्ससमध्ये लिव्हिंगस्टनला जिथे फाशीची शिक्षा झालेले पुरुष ठेवतात तिथे तर दिवसातले बावीस-बावीस तास एकट्याने कोठडीत, समोरासमोर बसायची सोयच नव्हती, तरी दाराशी येऊन ओरडून आणि चिठ्ठ्या पाठवून वर्षानुवर्षं डाव चालले. ज्यांच्या स्वतःच्या मरणाची तारीख कागदावर पडायची ती माणसं शेजारच्याच्या मांत्रिकाला वाचवायला धडपडत होती. भलतंच.

बाकी वॉपनचं पुढे काय झालं म्हणाल तर ड्रॅगन काही परत दिसले नाहीत. मार्च २०२३ मध्ये स्टाफ पुरेना म्हणून तिथे लॉकडाऊन लागला तो वर्षाच्या वर चालला, माणसं कोठडीत बंद. कैदी मेले. जून २०२४ मध्ये तेव्हाच्या वॉर्डनसकट, म्हणजे तिथल्या जेलरसाहेबांसकट, नऊजणांवर दोन कैद्यांच्या मृत्यूप्रकरणी गुन्हे दाखल झाले, त्यातल्या एकाच्या मृत्यूचं कारण शरीरातलं पाणी संपणं आणि कुपोषण. पण ते तपशील झाले, तुम्ही आत्ताच नोकरीला लागलाय, पाणी-बिणी हळूहळू शिकाल. गँग नव्हती एवढं लक्षात ठेवा.

तर आज रात्री राउंडला निघा. बूट वाजवू नका. एखाद्या कोठडीतून हळूच 'मी दार उघडतो' असं ऐकू आलं की आधी कुलूप ओढून बघा. ते लागलेलंच असेल. मग पलीकडच्या भिंतीतून कुणीतरी विचारेल, 'किती पडले?' त्याच क्षणी आत घुसा आणि फासा ताब्यात घ्या. सापडणार नाही. साबणाचा होता, सकाळी आंघोळीत संपला.