आठ डॉलर आणि अर्धी गोष्ट

अमेरिकेतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचा आशय असा: ‘आम्ही खिशात आठ डॉलर घेऊन आलो, कष्ट केले आणि गोऱ्यांच्या उपनगरांत घरे घेतली, आम्हाला कोणी अडवले नाही, कृष्णवर्णीयांना मात्र आपल्याच वस्तीत राहणे आवडते. ते शेजारी आले की घरांच्या किमती उतरतात, म्हणून लोक विरोध करतात. त्यात वंशद्वेष कसला?’

आवडीचे आधी पाहू. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउन या उपनगरात राहायला आले. विल्यम माजी सैनिक आणि नोकरदार, डेझी शिकलेली. म्हणजे हा मजकूर ज्या गुणांची वाखाणणी करतो ते सगळे त्यांच्यापाशी होते. तरीही शेकडो लोकांचा जमाव घरासमोर जमला, दगडांनी खिडकीची काच फुटली, राज्य पोलिसांना यावे लागले, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या ज्यू शेजाऱ्यांच्या घरावर ‘केकेके’ अशी, म्हणजे कू क्लक्स क्लान या वंशद्वेष्ट्या संघटनेची आद्याक्षरे रंगवली गेली. मायर्स कुटुंब हलले नाही. ते १९६१ पर्यंत तिथेच राहिले.

किमतींचा मुद्दा वरवर व्यवहारी वाटतो, पण त्यात कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेली संघीय गृहनिर्माण संस्था गृहकर्जांना हमी देत असे, आणि मिश्र वस्ती हा धोका समजावा असे तिच्याच नियमपुस्तिकेत होते. न्यूयॉर्कजवळ याच नावाचे जे पहिले उपनगर उभे राहिले, त्याच्या सुरुवातीच्या करारांत तर गोऱ्यांखेरीज कोणालाही घर वापरू देण्यास मनाई होती. अपवाद फक्त घरगड्यांचा. ज्या वस्तीला कर्जाची हमीच मिळत नाही, तिथल्या घरांचे भाव उतरणारच. मग त्याचा दोष शेजाऱ्याच्या कातडीला का द्यावा?

राहिले आपले आठ डॉलर. तेवढेच नेता येत, कारण भारतातील परकीय चलनाचे नियम कडक होते; सामानात सरकारी खर्चावर मिळवलेली पदवीही होतीच. ‘आम्हाला कोणी अडवले नाही’ हेही खरे नाही, कारण १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले होते. आपल्या बहुतेकांसाठी दार उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तोही शिकलेल्यांना झुकते माप देणारा होता. घरविक्रीत वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून मिळवलेल्या त्या कायद्याचा आडोसा आपल्याला घर घेताना आयता मिळाला, आणि नेमके तेच या मजकुरातून गळले आहे.