खुराकाशिवाय कुस्ती

परवा आमच्या ग्रुपमधल्या एकाची पीएचडी झाली. तो आत तोंडी परीक्षा देत होता, तेव्हा आम्ही खाली त्याची टोपी चिकटवत बसलो होतो. पुठ्ठ्याची टोपी, तिच्यावर जुन्या संगणकाचा पंखा आणि सायकलची घंटा. मग त्याला हातगाडीत बसवून गावातून मिरवलं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा हा रिवाजच आहे. जुन्या नगरभवनासमोरच्या कारंज्यावर १९०१ पासून हंसवाल्या मुलीचा पुतळा उभा आहे. नव्या डॉक्टरने वर चढून तिला फुलं द्यायची आणि तिचा मुका घ्यायचा. १९२६ मध्ये यावर बंदीही आली होती. कोण ऐकतंय!

व्हिडिओ कोल्हापूरला पाठवला. आबांचा लगेच फोन. "मिरवणूक झ्याक. पण रसायनशास्त्र म्हणतोस आन् हातात एक नळी न्हाई तुमच्या?"

आमचं रसायनशास्त्र संगणकावरच्या गणिताचं. ते आबांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून सांगितलं. म्हैस उभी असते, माश्या घोंगावत असतात. माश्यांचा हिशेब करताना म्हैस हललीच नाही असं धरलं तरी चालतं. रेणूतही तसंच. सर्वांत हलकं अणुकेंद्रसुद्धा इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८०० पट जड असतं. म्हणून केंद्रं जागेवर धरायची आणि इलेक्ट्रॉनांचं गणित वेगळं सोडवायचं. बॉर्न आणि ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२७ साली हे मांडलं, तेव्हा बॉर्न याच गावात प्राध्यापक होते. आमचं रोजचं काम आजही त्यावरच चालतं. आबा म्हणाले, "म्हस कळली."

गाडी मग नेहमीच्या वादावर आली. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात कोल्हापूरच्याच सतेज पाटलांनी सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा प्रश्न काढला, तेव्हा अजित पवारांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. गावाकडे ते वाक्य अजून चघळलं जातं आणि निम्म्या लोकांना ते पटतंही. सुमार प्रबंधांचे ढीग मीही पाहिलेत, त्यामुळे चिडणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. पण ज्या गावात तालमीतल्या पोराला दूध, बदाम, तूप वर्षानुवर्षं पुरवतात आणि पहिल्याच महिन्यात गदा मागत नाहीत, त्या गावाला हा प्रश्न शोभत नाही. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, आणि इथे तो पुतळा उभा राहिला त्याच १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगही काढलं. आधी पोटाची आणि राहण्याची सोय, मग अभ्यास.

इथे फरक दिसतो तो एवढाच. डोकी काही वेगळी नाहीत. पीएचडी करणारा इथे बहुधा नोकर असतो. पद अर्धं-पाऊण असेल, पण महिनाअखेरीला पगार होतो. पुढचं मात्र अवघड. पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं कंत्राटावर काढा, मग कायम जागा मिळाली तर मिळाली. तेव्हा इथे स्वर्ग आहे, असं कोणी सांगू नये.

आणि आमचं शास्त्र तर स्वस्तातलं. लाखोंची यंत्रं लागत नाहीत. इथल्याच म्यूलहाइम शहरात वाढलेलं, असली गणितं करणारं ओर्का हे सॉफ्टवेअर विद्यापीठांना फुकट मिळतं. माझ्याबरोबर शिवाजी विद्यापीठात एमएस्सी केलेली मैत्रीण तेच वापरते. तिची फेलोशिप सात महिने अडकली आहे. दिवसा ती तासिका तत्त्वावर शिकवते आणि रात्री घरच्या डेस्कटॉपवर गणितं लावून झोपते. लाइट गेली की ती अर्ध्यावर तुटतात.