वेटलँड कुठली आणि कुठली नाही

वेटलँड, म्हणजे पाणथळ जागा, हा शब्द आता पेपरात सारखा येतो. फ्लेमिंगो आले की येतो, खाडीत भराव पडला की येतो. पण आपल्या कायद्याने त्याचा अर्थ किती आखडून टाकलाय हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याचा खरोखर राग येतो.

१९७१ साली इराणमधल्या रामसरला वेटलँड जपण्याचा करार झाला. त्याची व्याख्या ऐसपैस आहे. दलदल असो की पाणी, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, बारमाही असो की चार महिन्यांचं, गोडं, मचूळ, खारं, सगळं त्यात येतं. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी हीच व्याख्या घेतली आणि लगेच पुढे वगळायची यादी जोडली: नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मिठागरं, मत्स्यशेतीची तळी, सिंचनाची बांधकामं.

आता निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर बघा. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला तो सिंचनासाठीच. मागे गाळ साचला, बेटं झाली, पाणगवत माजलं, पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं ते हेच! थंडीत चापडगावच्या बाजूला सकाळी जाऊन उभे राहा. जांभळी पाणकोंबडी पायाच्या लांब बोटांत गवताचा दांडा धरते, उचलून चोचीशी नेते आणि आतला कोवळा गाभा खाते. बंधारा कोणी आणि कशासाठी बांधला, याच्याशी तिला काय देणंघेणं?

नांदूर अभयारण्य होतं, म्हणून निभावलं. तुमच्या गावच्या गाळाने अर्ध्या भरलेल्या पाझर तलावाला कोण वाली?

शेतकऱ्याच्या भातखाचरावर बंधनं नकोत, हे मलाही मान्य. पण गोव्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीत, बांधाआड भात पिकतो आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी मासळी धरतात. ते नुसतं शेत कसं? आणि मुलुंड-भांडुपची मिठागरं? भरतीच्या आणि पावसाच्या पाण्याला पसरायला जागा देतात ती. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेललेल्या मुंबईला हे सांगावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवरच्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा जपायला सांगितल्या आहेत. तुमच्या तालुक्यातली जागा त्यात आहे का, तहसीलमध्ये विचारा. सातबारा काढा, तिथे नुसतं ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, लिहिलंय का ते बघा. आणि पावसाळ्यात तारखेसकट फोटो काढून ठेवा. मे महिन्यात भेगाळलेली जमीन दाखवून ‘इथे पाणी नव्हतंच’ म्हणणारे हमखास भेटतात.