'क्रॅश' घड्याळ कुठल्याही आगीत वितळलेलं नाही

दागिने आणि घड्याळं बनवणाऱ्या कार्टिए या फ्रेंच कंपनीच्या 'क्रॅश' या वेड्यावाकड्या मनगटी घड्याळाच्या फोटोबरोबर एक गोष्ट कायम फिरत असते. लंडनच्या कार्टिएमधल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या गाडीला अपघात झाला, गाडी पेटली, मनगटावरचं लंबगोल सोन्याचं घड्याळ वितळून वेडंवाकडं झालं. दुकानात आलेलं ते घड्याळ बघून मालकांना आकार इतका आवडला, की तसंच नवं बनवलं. पुढे जोडलेलं असतं की प्रेरणा चित्रकार साल्वादोर दालीच्या वितळणाऱ्या घड्याळांच्या चित्राचीही होती, आणि या कहाणीमुळेच त्याला कोटींचा भाव येतो.

आधी आगीचं बघू. १८ कॅरेट सोनं वितळायला साधारण नऊशे अंश सेल्सिअस लागतात. त्याच्या कितीतरी आधी पट्टा जळतो, तबकडीवरचे रंगवलेले आकडे करपतात, मशीनमधलं तेल उडून जातं. सोन्याची केस, म्हणजे बाहेरचं कवच, वाकेपर्यंत तापलेल्या घड्याळावर नक्कल करण्याजोगी तबकडी उरतच नाही.

आणि या घड्याळाचं सगळं मर्म तबकडीतच आहे. फोटो मोठा करून बघा. रोमन आकडे कुठे ताणलेत, कुठे चिमटलेत, पण काटे सरळ आहेत. आत जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचं नेहमीच्या पद्धतीचं मशीन. त्याचे काटे गोलच फिरणार, तासकाटा तासाला ३० अंश. म्हणजे केस कितीही वाकडी असली तरी प्रत्येक आकडा काट्यांच्या खिळ्यापासून आपल्या नेमक्या कोनातच यायला हवा, नाहीतर वेळच कळणार नाही. हे आपोआप जमत नाही, त्यासाठी रेखाटनं करावी लागतात.

ती केली लंडनच्या कार्टिएचे डिझायनर रूपर्ट एमरसन यांनी. १९६७ साली लंडनचं कार्टिए जाँ-जाक कार्टिए चालवत होते. त्यांच्या नात फ्रान्सेस्का कार्टिए ब्रिकेल यांनी २०१९ मध्ये घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ही हकिकत आहे. जाँ-जाकना कुणाकडेही नसलेलं घड्याळ हवं होतं. दोघांनी आपलंच 'मॅक्सी ओव्हल' हे लंबगोल घड्याळ घेतलं, टोकं चिमटली, मध्ये मुरड घातली. जणू अपघातात सापडलंय असं दिसावं, ही मूळ कल्पनाच होती. नाव त्यातून आलं आणि लोकांनी नावामागे खराखुरा अपघात शोधला. मशीन बसवल्यावर वेळ नीट वाचता येईना, म्हणून एमरसनना तबकडी पुन्हा रंगवावी लागली, तीही एकदा नव्हे. या माणसाच्या हातचं काम आपण एका पेटलेल्या गाडीच्या नावावर टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दालीचं म्हणाल तर त्याचं चित्र १९३१चं. त्यातली घड्याळं ओल्या कपड्यासारखी लोंबतात. क्रॅश ताठ आहे, टोकदार आहे. नजरेला साम्य वाटतं हे मान्य, पण तेवढ्यावर जन्मकथा रचता येत नाही.

राहिला भाव. मे २०२२ मध्ये १९६७चं एक क्रॅश ऑनलाइन लिलावात सुमारे १५ लाख डॉलरना गेलं, तेव्हाच्या दराने अकरा-बारा कोटी रुपये. कहाणीमुळे भाव येत असता तर तो प्रत्येक क्रॅशला सारखाच आला असता. तसं होत नाही. लंडनमध्ये हाताने घडवलेली जुनी क्रॅश अगदी मोजकी आहेत. १९९१ साली पॅरिसने ४०० नगांची आवृत्ती काढली, तिचा भाव वेगळा. आणि सुरुवातीला तर ते गिऱ्हाईकालाच रुचलं नव्हतं: पहिलं क्रॅश अभिनेते स्ट्युअर्ट ग्रेंजर यांनी नेलं आणि थोड्याच दिवसांत परत आणलं, त्यांना जरा नेहमीसारखं काहीतरी हवं होतं.

मला एका विक्रेत्याने हीच अपघाताची गोष्ट रंगवून 'ओरिजिनल' म्हणून एक क्रॅश दाखवलं होतं. तबकडीवर बारीक अक्षरांत 'पॅरिस' लिहिलेलं. जुन्या घड्याळावर त्या जागी 'लंडन' असतं, आणि केसवर लंडनचा हॉलमार्क: बिबट्याचं तोंड, 'जेसी' ही आद्याक्षरं आणि कोणत्या साली बनलं ते सांगणारं अक्षर. भिंग हातात घ्या आणि आधी ते अक्षर वाचा.