'पॉट जमत नाही म्हणून सेफ्टी' : लाँगपॉट यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खरं तर उत्तर देणार नव्हतो. बायको म्हणाली सोडून दे, आणि मी दोन दिवस सोडलंही होतं, पण काल रात्री झोप येईना म्हणून परत ती कॉमेंट उघडली आणि मग म्हटलं आता लिहायचंच. कॉमेंटच्या चौकटीत मावणार नाही म्हणून वेगळी पोस्ट.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी : मागच्या आठवड्यात मी स्नूकरमधल्या सेफ्टीबद्दल लिहिलं होतं. सेफ्टी म्हणजे बॉल पॉट करायच्या (पॉकेटमध्ये घालायच्या) भानगडीत न पडता व्हाइट (ज्याला काठीने, म्हणजे क्यूने, मारतात तो पांढरा बॉल) अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्याला काही सापडू नये, आणि हे प्रकरण माणसाला हळूहळू कसं आवडायला लागतं असा विषय होता. त्यावर 'लाँगपॉट' नावाने एका वाचकांनी लिहिलं : "काका, पोस्ट छान पण फार लांब. स्नूकरचा जन्म ऊटीचा नाही, जबलपूरचा. सेफ्टी आवडते म्हणणारे नव्वद टक्के लोक पॉट जमत नाही म्हणून सेफ्टी खेळतात आणि मग त्याला तत्त्वज्ञान म्हणतात. बाकी हा जिमखानेवाल्यांचा टाइमपास आहे. लोकांना बॉल जाताना बघायचे असतात, एब्डनची ती पाच मिनिटं बघा म्हणजे कळेल. आणि स्ट्रॅटेजीच बघायची तर अमेरिकेतला वन पॉकेट बघा." शेवटी एक स्मायली.

चूक आधी कबूल करतो म्हणजे नंतर कुणी बोलायला नको. जबलपूर बरोबर. 1875 साली तिथल्या ऑफिसर्स मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो नव्हे) ब्लॅक पूल नावाच्या खेळात जास्तीचे रंगीत बॉल घातले. ऊटीच्या क्लबात 1882 मध्ये नियम लिहून लागले, ते नंतरचं. मी दोन्हीची खिचडी केली, पोस्टमध्ये दुरुस्त केलंय. पण जबलपूर काढलंतच तर पुढची गोष्टही सांगायची होती की. इंग्लंडमधल्या वुलिचच्या मिलिटरी अकॅडमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना 'स्नूकर' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे कच्चं लिंबू म्हणतो तसं. मेसमध्ये कुणाचा तरी सोपा पॉट चुकला, चेंबरलेनने त्याला स्नूकर म्हणून चिडवलं, मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. ते नाव चिकटलं ते आजपर्यंत. म्हणजे खेळाचं बारसंच पॉट न जमणाऱ्याला मारलेल्या टोमण्यावरून झालंय. तुम्ही दीडशे वर्षांनी तोच टोमणा परत मारलात, फक्त त्याने नंतर सारवासारव केली आणि तुम्ही स्मायली टाकली.

आता मुद्दा. 'जमत नाही म्हणून.'

हे तीन शब्द तुम्ही किती सहज टाइप केलेत बघा. तुमचं मत असू शकतं, मला मतभेदाचं काही नाही, हा ब्लॉग अकरा वर्षं चालवतोय, याहून वाईट ऐकलंय. प्रश्न सुराचा आहे. नव्वद टक्के हा आकडा कुणी मोजला, कुठल्या क्लबच्या दारात वही घेऊन बसला होतात? सरळ कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचं होतंत, निदान तेवढा प्रामाणिकपणा तरी दिसला असता. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला जाऊन कुणी सांगत नाही की तुला ताना झेपत नाहीत म्हणून तू विलंबित ऐकतोस. (सांगणारे असतीलही. पुण्यात काही सांगता येत नाही.)

तर माझं. अकरावीत होतो तेव्हा टिळक रोडच्या मागे एका तळघरात पार्लर होतं. पुढे तीन पूलची टेबलं, तिथे कॉलेजची गर्दी, आणि मागे एक स्नूकरचं टेबल, बारा फुटी, ज्याचं कापड बॉल्कजवळ (टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाला) फाटून शिवलेलं होतं आणि हळू सोडलेला बॉल शेवटच्या फूटभरात डाव्या मिडल पॉकेटकडे कलायचा. तासाला साठ रुपये, हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. मार्करला, म्हणजे स्कोअर ठेवणाऱ्याला, सगळे मामा म्हणायचे. आणि लाँगपॉटसाहेब, मी तेव्हा पॉटरच होतो. लांबचा रेड (लाल बॉल) दिसला की मारायचा, मागे काय होईल ते बघू. ब्लॅकवर यायचं, परत रेड, परत ब्लॅक. माझा सगळ्यात मोठा ब्रेक (एका दमात काढलेले पॉइंट) 52 आहे आणि तो त्याच शिवलेल्या कापडावरचा आहे. 52 म्हणजे काही सेंच्युरी नाही, माहितीये मला. पण 'जमत नाही' हेही नाही ना.

तिथे आप्पा म्हणून एक यायचे. रिटायर्ड, पांढरा बुशशर्ट, क्यू स्वतःचा नाही, भिंतीवरच्या चारपाच क्यूंपैकी जो कमी वाकडा असेल तो टेबलावर लोळवून बघायचे आणि तोच घ्यायचे. त्यांना लांबचा पॉट मारताना मी कधी पाहिलं नाही. पहिल्यांदा खेळलो तेव्हा सगळे रेड संपले, कलर्स (यलोपासून ब्लॅकपर्यंतचे सहा रंगीत बॉल) राहिले, मी तीस पॉइंटने पुढे. टेबलावरच्या कलर्सचे मिळून सत्तावीस. म्हणजे सगळं घेतलं तरी पुरत नाही. मी क्यू भिंतीला टेकवून हात पुढे केला तर आप्पा म्हणाले, "बस की जरा, घाई आहे का?"

यलो डाव्या साइड कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला होता. आप्पांनी त्याला निसटता घासला आणि व्हाइट रमतगमत वर जाऊन ब्लॅकच्या मागे थांबला. रमतगमत हाच शब्द, दुसरा नाही सुचत. मला यलो दिसेना. कुशनवरून मारला, लागला नाही, दंडाचे चार पॉइंट आप्पांना गेले. मग ब्राउनच्या मागे ठेवला, परत चार. तिसऱ्यांदा मी चिडून जोरात मारला तो पिंकला जाऊन लागला, सहा. मामा बोर्डावरचा काटा सरकवताना माझ्याकडे बघत पण नव्हते. सोळाचा फरक उरला. आप्पांनी यलो आणि ग्रीन जवळून टाकले, ब्राउन मला मिळाला, ब्लू त्यांना, पिंक मी लांबून मारला, अर्थातच लांबून, तो तोंडावर हलून बाहेर राहिला. पिंक, ब्लॅक. तीन पॉइंटने हरलो. एक तास दहा मिनिटं. सत्तर रुपये आणि त्या दिवशीचा चहाही माझ्याकडून, कारण मामा म्हणाले पद्धत आहे, जी मी आधी कधी ऐकली नव्हती.

त्या दिवशी मला सेफ्टी आवडली का? छे. त्या दिवशी मला आप्पांचा राग आला. हेच मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि ते तुम्ही लांब आहे म्हणून गाळलं असणार. हा प्रकार पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही, पहिल्यांदा तो आपल्यावर होतो. दोन-तीन महिने मी हरलो, पैसे संपायला लागले, म्हणून नाइलाजाने बघायला लागलो की हा माणूस करतो काय. आणि मग एकदा, मुद्दाम नाही, अर्धं नशीब, पॅकच्या (रेडच्या घोळक्याच्या) कडेच्या रेडला बारीक घासून माझा व्हाइट टॉप कुशन, साइड कुशन करत ब्लूच्या बाजूने खाली आला आणि बॉल्क कुशनला असा येऊन टेकला की मधे पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. समोर माझाच मित्र होता. त्याला व्हाइटचं फक्त डोकं दिसत होतं, क्यू मागून उचलून मारावा लागणार, आणि समोर एक लांबचा रेड, अगदी सरळ, खुणावणारा. तो वाकला. उठला. टेबलाला एक चक्कर मारली, खडू लावला, परत वाकला, परत उठला.

तो जो चालत होता ना, ते बघताना मला ते आवडलं. आपण पॉटवर पॉट करत असतो तेव्हा समोरचा खुर्चीत बसून पायाची बोटं बघत असतो, तो असला काय नसला काय. सेफ्टी टाकली की तो उठतो आणि मी मघाशी जे सगळं बघितलं तेच त्याला बघावं लागतं, माझ्याच जागेवर उभं राहून. पॉट एकट्याला घरी टेबल असेल तर करता येतो. सेफ्टीला दुसरा माणूस लागतो. आता याला तुम्ही तत्त्वज्ञान म्हणा नाहीतर काहीही म्हणा, मी त्या तळघरात उभा होतो, तुम्ही नव्हता.

आणि ती जमायला सोपी असते हा गैरसमज कुठून येतो? जुलैमध्ये खेळून बघा कधी. पावसाळ्यात कापड दमट होतं, कुशन मेलेली असतात, मे महिन्यात जो व्हाइट त्याच जोराने बॉल्कपर्यंत यायचा तो आता फूटभर अलीकडेच थांबतो आणि समोरच्याला आयता रेड. मोठ्या स्पर्धांत टेबल खालून तापवतात तसं आपल्या तळघरात कोण तापवतंय? दरवर्षी जूनमध्ये हात नव्याने बसवावा लागतो. पॉटचा अँगल बारा महिने तोच राहतो, जोर मात्र प्रत्येक टेबलाचा, प्रत्येक महिन्याचा वेगळा. न जमणाऱ्याचा उद्योग म्हणे.

एब्डनचं. मला वाटलंच होतं हे येणार, प्रत्येक वेळी हेच येतं. 2005 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, क्वार्टर फायनल, पीटर एब्डनने 12 च्या ब्रेकला पाच मिनिटांहून जास्त घेतली, आणि समोर बसलेला रॉनी ओ'सलिव्हन, ज्याने 1997 मध्ये त्याच क्रूसिबलमध्ये (ही स्पर्धा होते ते शेफिल्डचं थिएटर) त्याहून कमी वेळात अख्खा 147 (सगळे बॉल पॉट करून होणारा मॅक्सिमम ब्रेक) केला होता. बघायला कंटाळवाणं? हो, आहे. मीही फास्ट फॉरवर्ड करून बघितलंय, कबूल. पण ती मॅच कोण जिंकलं ते पण लिहा की. एब्डन 8-2 फ्रेम्सनी (डावांनी) मागे होता आणि 13-11 ने जिंकला. शिवाय मुळात ती पाच मिनिटं सेफ्टीची नाहीतच, तो बॉल पॉट करत होता! पॉट करतानाच हळू होता! हे म्हणजे रिक्षावाल्याचा राग पीएमटीच्या बसवर काढण्यातलं झालं. हळू खेळणं वेगळं आणि सेफ्टी वेगळी, एवढा फरक न कळता लोक लाँगपॉट वगैरे नावं घेऊन हिंडतात. आणि खऱ्या लांबलेल्या सेफ्टीचं उदाहरण हवं होतं तर 2017 च्या क्वालिफायिंगमधली फर्गल ओ'ब्रायन आणि डेव्हिड गिल्बर्टची शेवटची फ्रेम द्यायची, 9-9 वरून, 123 मिनिटं चालली. मी ती संपूर्ण पाहिलीये. एका बैठकीत नाही, पण संपूर्ण.

जिमखान्याबद्दल : मी आयुष्यात दोनदा जिमखान्यात गेलोय, दोन्ही वेळा लग्नाला. पुढे.

वन पॉकेट : एफ्रेन रेयेसचे (फिलिपिन्सचा पूल खेळाडू) व्हिडिओ मी पण बघितलेत, तुम्ही एकटे नाही. त्यात प्रत्येकाला कोपऱ्यातलं एकच पॉकेट असतं, आठ बॉल आधी त्यात घालेल तो जिंकला, आणि त्यामुळे निम्मा वेळ बॉल आपल्या बाजूला ढकलण्यात आणि समोरच्याला अडवण्यातच जातो. म्हणजे सेफ्टीच. तुम्ही सेफ्टीला नावं ठेवता आणि पुरावा म्हणून असा खेळ देता ज्यात सेफ्टीशिवाय काही नाही! अरे बाबा, कॉमेंट टाकायच्या आधी एकदा स्वतःची स्वतः वाचत जा.

लांबीबद्दल काही बोलत नाही. ही त्याहून लांब झालीये.

एक राहिलं, आणि हे लिहू की नको असा विचार करत होतो. पार्लर बंद व्हायच्या आधीच्या दिवाळीत मी आप्पांना विचारलं होतं, आप्पा, तुम्ही लांबचा पॉट कधीच का मारत नाही, एवढा हात बसलेला असून. मला वाटलं काहीतरी जबरदस्त ऐकायला मिळणार. ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे, तिकडचं मला दिसतच नाही. काळं-हिरवं सगळं एकच." आता हे वाचून तुम्ही टाळी वाजवणार, बघा मी म्हणत नव्हतो का म्हणून. पण तसं नाहीये ते. त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी खेळायची ती रीत काढली असेल, ठीक आहे. मला तेव्हा स्वच्छ दिसत होतं आणि तरी मी त्यांच्यासारखं खेळायला लागलो, हा फरक आहे, आणि तो मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी मला प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला, वाकलं की काचेची नेमकी चुकीची पट्टी डोळ्यांपुढे येते आणि लांबच्या बॉलला दोन कडा दिसतात, पण त्याचा या विषयाशी संबंध नाही. मी सेफ्टी खेळायला लागलो ते त्याच्या कितीतरी आधीपासून.

बाकी 'काका' बद्दल. त्रेचाळीस पूर्ण आहेत मला. तुमचं वय प्रोफाइलवर दिसत नाही पण लिहिण्यावरून अंदाज येतो. कॉमेंट डिलीट केलेली नाही, करणारही नाही, ऊटीचं जबलपूर केलंय आणि खाली 'वाचकांनी लक्षात आणून दिल्याप्रमाणे' असं टाकलंय, नाव टाकलं नाही कारण लाँगपॉट हे काही नाव नव्हे. तुमच्या कॉमेंटला चार लाइक पडलेत, त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा आहे. त्याच्याशी मी घरी बोलतो.